पुढच्या बाकावरचा लाजर

मी एक जुना सागवानी बाक आहे. मित्रांनो, निपाणीच्या एका लहानशा प्रार्थनामंदिरात अगदी पुढे माझी जागा. खासबागच्या जोतिबा सुताराने मला घडवले आणि पाठीच्या फळीवर कोरले : 'समुवेलआप्पांकडून प्रभूला अर्पण.'

अर्पण प्रभूला, पण बसायचे समुवेलआप्पाच! त्यांची तंबाखूची वखार होती. तिथे पाने निवडणाऱ्या बाया रविवारी याच मंदिरात येत आणि फरशीवर गोणपाट टाकून बसत. येणारे-जाणारे माझे पॉलिश वाखाणत. मला मात्र माझ्या पायांशी बसलेल्यांचा खोकला ऐकू येई.

त्यांत मनुबाई होती. मांडीवर सात महिन्यांची राहेल. वखारीच्या धुळीने पोरीची छाती भरलेली. मनुबाई तिच्या छातीवर तळवा ठेवून श्वास मोजत बसे. प्रार्थनेतही तिचे डोळे मिटत नसत.

एकदा ती म्हणाली, "आप्पा, बाक अर्धा मोकळाच हाय. लेकराला कडंला निजवू का? फरशी लई गार हाय."

"आज लेकरू, उद्या तू," आप्पा म्हणाले. "रीत हाय ती हाय."

मी लाकूड. सरकून जागा देणे मला जमले नाही.

एकतीस सालच्या नाताळात येशूने सांगितलेल्या एका कथेचे नाटक बसवले. एक श्रीमंत रोज मेजवान्या झोडतो. त्याच्या दारात फोडांनी भरलेला लाजर उष्ट्याची वाट पाहत पडून असतो. मेल्यावर लाजर स्वर्गात मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी जातो आणि श्रीमंत आगीत. अब्राहामाचे काम आप्पांनी स्वतःकडे घेतले. स्वर्ग म्हणून मला ठेवले. लाजर कोण होणार?

वखारीतला रवळू म्हणाला, "आमी रोजच पडतोय की तुमच्या दारात. त्याचं आणि नाटक कशाला?"

सगळे हसले. मनुबाई उठली. "मी हुते लाजर."

राहेलला घेऊनच ती दारात पडली, 'मेली', आणि स्वर्गात येऊन माझ्यावर आप्पांच्या शेजारी बसली. पोरीला तिने माझ्या फळीवर निजवले. कापसाच्या दाढीतल्या आप्पांनी सगळ्यांदेखत आपली शाल दोघींवर पांघरली. टाळ्या पडल्या. राहेलची घरघर हळूहळू उतरली.

"झालं नाटक," आप्पा पुटपुटले. "ऊठ, खाली बस."

मनुबाई हलली नाही. "लाजर परत खाली उतरला म्हणून कुठं लिवलंय, आप्पा?"

"मने! सोमवारी वखारीत यायचं न्हाय व्हय तुला?"

राहेलच्या छातीवर तळवा ठेवून ती मंदिराच्या धर्मगुरूंकडे, पाळकांकडे वळली. "पाळकसाहेब, तुमीच वाचून सांगा. लाजराला फरशीवर धाडलं असंल तर मी उतरते."

पाळकांच्या घरचे धान्य आप्पांकडून येई. त्यांनी पान उलटले, परत मागे आले. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "नाही. तसं लिहिलेलं नाही."

आप्पांनी दाढी ओढून काढली. "उचला हा बाक! वखारीत टाका!"

कोणी उठले नाही. रवळू म्हणाला, "नाव तुमचं कोरलंय. तुमीच उचला."

आप्पांनी खरोखरच माझे एक टोक धरले. दुसऱ्या टोकाला राहेल झोपलेली. त्यांनी पोरीकडे पाहिले, जमलेल्यांकडे पाहिले आणि मला सोडले.

सोमवारी मनुबाईचे काम गेले. आजही माझी नस न् नस तडकते, मित्रांनो! नाताळात लाजराला शाल पांघरायची आणि सोमवारी त्याच्या तोंडावर दार लावायचे? ती बोरगावात शेतमजुरी करू लागली, पण रविवारी पोरीला काखोटीला मारून चालत येई. तोवर माझ्यावर बायांची लेकरे ओळीने निजलेली असत. आप्पा घरून खुर्ची आणू लागले.

आता सत्तेचाळीस साल आहे. आप्पा गेले. माझा एक पाय तारेने बांधलाय, पॉलिश उडाले. पोरांच्या पाठी घासून आप्पांचे नावही गेले. 'प्रभूला अर्पण' तेवढे उरले. परवा स्वातंत्र्याच्या झेंड्याच्या दिवशी प्रार्थनेला साहेबलोक यायचे होते. कुणीसे ओरडले, "पुढचा बाक मोकळा करा!" बाया सवयीने उठू लागल्या. मनुबाईसुद्धा.

सोळा वर्षांच्या राहेलने आईचा पदर धरला. "बस, आई. पाहुण्यांस्नी गोणपाट हाय की."

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल, तार बदलली नाहीत तरी चालेल. माझ्यावरून कोणाला उठवू मात्र नका.