पालाबाबांचं अभयकडं

सभागृह माणसांनी गच्च भरलं होतं. पालाबाबांनी काचेची चपटी बशी दिव्यासमोर धरली आणि मागच्या पडद्यावर ती चंद्राएवढी झाली. सगळीभर जंतूंची दुधाळ साय. मधोमध बाबांच्या हिरव्या थेंबाभोवती स्वच्छ, गोल कडं.

"हे अभयकडं! इथले जंतू मेले! गोळी जाते पोटात, रोग राहतो थाटात! फेका त्या गोळ्या!"

टाळ्यांचा पाऊस. दादाही टाळ्या पिटत होता. साखरेच्या आजाराने चिघळलेल्या त्याच्या पायावर बाबांचा अर्क होता आणि डॉक्टरांच्या गोळ्या कचऱ्यात. शेजारी धाकटी बहीण नुसती धुमसत होती. प्रयोगशाळेत ती रोज अशीच कडी मोजायची.

"दादा, कडं खरं आहे. पण ते पाल्यामुळेच पडलं कशावरून?"

"शिकून शिकून तुला शंकेचा आजार जडलाय!"

तिने अर्काची बाटली उचलली ती थेट प्रयोगशाळेत नेली. एका बशीत जंतू वाढवले, दुसरीत बुरशी. दोन्हींत तीन तीन थेंब ठेवले. कडी उमटल्यावर दादाला हाताला धरून आणलं.

"हा बाबांचा थेंब."

"कडं आहेच की!"

"हा तोच पाला, पाण्यात वाटलेला."

दोन्ही बशांत कडं नव्हतं.

"आणि हा?" तिने तिसरा थेंब दाखवला.

"हे तर बाबांच्याएवढंच! कुठला पाला?"

"पाला नाहीच. नुसतं स्पिरिट. बाटली तपासली मी; बाबा त्यातच पाला भिजवतात आणि वास कापराने झाकतात."

दादा म्हणाला, "मग स्पिरिटच लावतो. जंतू मेल्याशी मतलब."

तिने कपाळावर हात मारला. "अरे, बशीत निखारा ठेवला तरी जंतू मरतील! पायावर ठेवशील? बशीला ना रक्त, ना नसा. वरून कातडी भाजतेय, आत पाय सडतोय!"

दादाने नजर खाली वळवली. "पायाच्या अंगठ्याला काही कळेनासं झालंय गं. तू ओरडशील म्हणून बोललो नाही."

ती ओरडली नाही. दादाचा हात खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाली. वाटेत सभागृहाच्या दारात नवी रांग लागली होती.

"ओ ताई, मध्ये घुसू नका!" कुणीतरी खेकसलं.

"घुसत नाही," ती थांबली. "पाल्यात गुण असेलही. पण तो पारखायचा तर पाला नसलेला थेंबही शेजारी लागतो. आत गेलात की बाबांना एवढंच विचारा: तो थेंब कुठंय? आणि तो दिसेपर्यंत आपल्या गोळ्या फेकू नका!"