राजकन्येचा गाऊन

"ताई, आधीच सांगायचं होतं ना. मी वजन कमी केलं असतं."

सोनिका दारातच उभी होती. डोळे सुजलेले. कामिनीला काही उमजेना.

"काय सांगायचं होतं वं?"

"गाऊन मले बसत नाही म्हणून. जितेंद्रदादा म्हणाले, कामिनीताईच म्हणून राहिल्या. राजकन्येचं काम गेलं माझं. दासी केली मले."

कामिनीच्या कानशिलांत रक्त उसळलं. खापरखेड्याच्या वसाहतीतल्या हौशी मंडळाच्या नाटकासाठी तो निळा सॅटिनचा गाऊन तिनंच शिवला होता. शनिवारच्या प्रयोगात राजकन्या व्हायची ती भूमिका नावाची मुलगी, अंगानं अगदी काडी. रविवारच्या प्रयोगात सोनिका, चांगली भरलेली. एकच गाऊन दोघींना यावा म्हणून तिनं पाठीला चेन लावलीच नव्हती. दोन्हीकडे काज करून नाडी ओवली होती, उघडं अंग दिसू नये म्हणून आत त्याच कापडाची रुंद पट्टी, कमरेला सैल होणाऱ्या चुण्या. ऑफिस सांभाळून केलेलं काम होतं ते. आणि त्याच्याच नावावर या पोरीला हाकललं?

"चाल माझ्यासोबत," ती म्हणाली आणि गाऊन खांद्यावर टाकून निघाली.

हॉलमध्ये तालीम चालू होती. कामिनी कोणाशी बोलली नाही. सोनिकाला पडद्यामागे नेऊन गाऊन चढवला, नाडी सैल सोडून गाठ मारली आणि तिला मंचाच्या मधोमध आणून उभी केली.

"जितेंद्र, कुठे बसत नाही सांग."

दिग्दर्शक जितेंद्रनं एकदा गाऊनकडे पाहिलं, मग खाली. "बसला ताई. पण लोक हसतील ना. राजकन्या अशी राहते का?"

सोनिकाची मान खाली गेली.

"मग हे तिच्या तोंडावर सांगायचं होतं! माह्या शिवणीच्या आड काहून लपला? खोटं बोलायले माझंच नाव सापडलं तुले?"

"आवाज कमी करा ताई."

"नाही करत!"

कोपऱ्यातून भूमिका पुढे आली. "दादा, रविवारी मी तिच्या जागी येणार नाही. सोनिका नसली तर शनिवारीही नाही."

तिकिटं वाटून झाली होती. जितेंद्रनं हात झटकले. "करा तुमच्या मनासारखं."

रविवारच्या प्रयोगात सोनिका मंचावरच्या जिन्यावरून उतरली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली, दोघंतिघं खिदळले. विंगेत कामिनीनं मुठी आवळल्या. सोनिका थांबली, त्या रांगेकडे सरळ पाहिलं आणि पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. नंतर कोणी हसलं नाही. शेवटी टाळ्या मिळाल्या, आदल्या दिवशी भूमिकाला मिळाल्या होत्या तेवढ्याच.

जितेंद्र आत आला. "छान झालं ताई. सोडा आता राग."

"तिची माफी मागितली?"

"झालं ना आता सगळं नीट!"

"मागितली का?"

तो लाइटवाल्याकडे निघून गेला. कामिनी सोनिकाच्या पाठीची नाडी सोडवू लागली, पण रागाच्या भरात ओढताना गाठ आणखीच घट्ट बसली.