बॉस्टनला चहा टाकायचा होता

मराठीत 'चहा टाकणे' या शब्दांचा जो अर्थ आहे, तो माझ्या सासऱ्यांना माहीत नव्हता, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पण नव्हता. कारण त्यांनी तो उभ्या जन्मात कधी टाकलाच नव्हता.

सासरे म्हणजे एकनाथ सर. साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई मालिनीबाई, म्हणजे त्या चौतीस वर्षांचा चहा. २००६ सालच्या उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे जर्सी सिटीला आली होती. आईंनी सोबत साताऱ्याहून खास मिक्स चहा आणला होता, अर्धी पत्ती आणि अर्धी भुकटी. आमच्या इंडिया स्क्वेअरला दुकानं भरून चहा मिळतो, पण तो त्यांच्या मते गवत. तीन महिन्यांत साताऱ्याचा चहा संपत आला आणि शेवटचं एक पुडकं उरलं. ते त्या सोन्यासारखं जपत होत्या.

तेवढ्यात निमिषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लाँग वीकेंडला बॉस्टनचा बेत ठरवला. बाबा खुर्चीतून उठलेच. "बॉस्टन! म्हणजे मला तिथे चहा टाकता येईल!"

आईंनी हे ओट्यापाशी ऐकलं. मी शेजारीच होते. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शिवांगी, ऐकलंस? हे चहा टाकणार म्हणतायत. तिकडे मोटेलमध्ये. मला म्हणे आयता कप." आणि ते शेवटचं पुडकं त्यांनी आपल्या हाताने बाबांच्या बॅगेत ठेवलं. वर आलं, साखर आणि गाळणी. मला काय, मी नागपूरची, मला वाटलं साताऱ्याला उशिरा का होईना, सूर्य उगवला.

कनेटिकटमध्ये गाडी थांबवली तेव्हा खरा प्रकार कळला. आई आणि आमची नऊ वर्षांची इशिता बाथरूमला गेल्या होत्या. बाबा निमिषला समजावून सांगत होते, "सतराशे त्र्याहत्तर. तिकडे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि साडेतीन महिन्यांनी इकडे या लोकांनी कंपनीचा चहा समुद्रात टाकला. आयुष्यभर फळ्यावर ते जहाज काढलं रे मी. आता प्रत्यक्ष त्या पाण्यात चहा टाकणार."

"समुद्रात?" मी म्हणाले.

"मग कुठे?"

निमिषचा चेहरा पांढरा पडला. पण त्याचं कारण वेगळं होतं. "बाबा, आर यू सीरियस? माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. आत्ताच फिंगरप्रिंट्स झालेत. तुम्ही पब्लिक वॉटरमध्ये पुडी उघडून पावडर टाकणार? इथे पावडर म्हटलं की हेलिकॉप्टर येतं!"

"चहापावडर आहे ती."

"तो शब्द तोंडातून काढायचा नाही!"

बाबा फुरंगटून गाडीत जाऊन बसले. मी निमिषला म्हटलं, "तुझं कार्ड गेलं खड्ड्यात. आईंना कळलं तर काय होईल ते बघ. त्या बाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या हातचा चहा पिणार म्हणून बसल्यात."

"यार, मग तू सांग ना त्यांना."

"मी? आई तुझी आहे."

असं करत दोघांनीही सांगितलं नाही. आम्ही बेत केला, तो असा, की बाबांना नॉर्थ एंडमध्ये न्यायचं, तिथल्या इटालियन जेवणाने इतकं भरायचं की ते समुद्रापर्यंत पोचूच नयेत. जेवल्यावर बाबा जिथे असतील तिथे झोपतात. लग्नाच्या मांडवातही झोपलेले आहेत, मुलाच्याच.

बॉस्टनच्या फुटपाथवरून विटांची एक लाल रेघ जाते. तिच्यावरून चालत राहिलं की एकेक ऐतिहासिक ठिकाण लागतं. बाबा रेघेवरून इंचभर हलायला तयार नाहीत. समोरून माणसं आली तरी हेच उभे, त्यांनीच वळसा घालायचा. इंग्रज आल्याची वर्दी द्यायला रात्रभर घोडा पिटाळणाऱ्या पॉल रिव्हियरचं लाकडी घर लागलं. गाइड बाई म्हणाली, सोळाशे ऐंशीच्या सुमाराचं. बाबा एकदम गंभीर झाले. "सोळाशे ऐंशी! महाराज गेले ते वर्ष." आणि त्यांनी तिथेच डोळे मिटून हात जोडले. गाइडला वाटलं आम्ही पॉल रिव्हियरचे भक्त. तिने आवाज खाली आणला आणि आम्हाला पुढे उभं केलं.

"एवढंसं घर?" आई म्हणाल्या. "आणि तिकीट लावलंय." त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. संध्याकाळ व्हायची वाट बघत होत्या बिचाऱ्या.

मग आमचा हल्ला सुरू झाला. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्या पिझ्झा. मग बेकरीत कनोली, म्हणजे चिरोट्याची नळी करून आत गोड चक्का भरावा तसा प्रकार. बाबांनी दोन खाल्ल्या. मग एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये बसून साग्रसंगीत जेवण. मेन्यूकार्ड बघून बाबा म्हणाले, "अँटीपास्तो. अँटी म्हणजे विरोधी. शाकाहारी असेल तर पास्त्याच्या विरोधात जे असेल ते आण." आल्या भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि ऑलिव्ह. त्यांनी तेही संपवलं. माणसाची भूक बघून मला शंका यायला लागली की हे समुद्र पिऊन टाकतील, त्यात चहा टाकायचं दूरच.

आईंसमोर पास्ता आला तशा त्या हरखल्या. लहान लहान, अंगठ्याने दाबून खळगा पाडलेले तुकडे. "अगंबाई, नखुले! लग्नात खिरीसाठी वळतो तसेच. यांच्याकडे कुणाचं लग्न आहे का गं?" मग एक चावून बघितला. "पण कच्चे राहिलेत."

वेटर म्हणाला, ते तसेच असतात. आई मराठीत म्हणाल्या, "बाळा, शिजव." त्याने आत नेऊन परत आणले. "अजून कच्चे." तिसऱ्या वेळी आतून एप्रन लावलेली एक म्हातारी स्वतः बाहेर आली आणि इटालियनमध्ये बोलायला लागली. आई मराठीत. दोघींनी एकमेकींना अंगठा दाबून दाखवला, बोटं मोडून दाखवली, बहुधा सुनांबद्दलही बोलल्या, कारण दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. शेवटी नखुले मऊ होऊन आले आणि म्हातारीने आईंच्या गालाला हात लावला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. बाबांचे डोळे मिटत होते. निमिषने टेबलाखालून माझा हात दाबला. आणि आईंनी चहा मागवला.

आला तो एका काचेच्या पेल्यात गरम पाणी आणि बाजूला दोऱ्याला बांधलेली पिशवी. आईंनी दोरा वर धरून ती पिशवी नीट बघितली आणि खाली ठेवली. "असू दे. संध्याकाळी हे टाकणारच आहेत चहा."

बाबा खडबडून जागे झाले. "संध्याकाळी कशाला? आत्ताच जाऊ. चालत अर्धा तास आहे बंदर."

"बंदरावर कशाला? मोटेलवर लावायला गाडीत शेगडी आहे ना."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. निमिष छताकडे बघत होता. रेघेवरून चालताना आजोबांकडून सगळा धडा ऐकलेली आमची कन्या मात्र आनंदाने म्हणाली, "नो आजी, आजोबा वॉन्ट्स टु थ्रो इट इन द ओशन! फॉर हिस्ट्री!"

आईंना इंग्लिश बेताचं येतं. पण 'थ्रो' कळतं.

त्यांनी उरलेले नखुले संपवले, चमचा पुसून ठेवला आणि म्हणाल्या, "चला. टाकून या एकदाचा." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बंदरापर्यंतचा रस्ता सगळा खोदून ठेवलेला. आई पुढे, बाबा मध्ये पुडकं छातीशी धरून, मागे निमिष चेहरा लपवत. पोचलो तर जहाजाचं म्युझियम बंद. आग लागली होती म्हणे काही वर्षांपूर्वी. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो. इथे कुंपण, एक पूल आणि खाली मळकट हिरवं पाणी. बाबांना त्याचं काही नाही. ते पुलाच्या कठड्याला टेकले आणि त्यांनी पुडकं सोडायला घेतलं.

सायकलवरून एक पोलीस येऊन थांबला. त्याने सभ्यपणे विचारलं, हातात काय आहे सर?

निमिषने श्वास रोखला. आणि बाबांनी, वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, एकच शब्द उच्चारला.

"पावडर!"

निमिष कठड्याशी बसला. खाली वाकून बसला, गुडघ्यांत डोकं घालून. बाबा पुढे म्हणाले, "टी पावडर, सर. यू आर बॉस्टोनियन? देन यू मस्ट नो. सिक्स्टीन्थ डिसेंबर." आणि त्यांनी त्या पोलिसाला अख्खा धडा सांगितला, नारायणराव पेशव्यांसकट. पोलिसाने पुडक्यात नाक घालून वास घेतला. मग इतकंच म्हणाला, की कागद पाण्यात टाकू नका. आणि गेला निघून, सायकलवर. निमिष उठून उभा राहिला, जणू पायाशी पडलेलं आपलं ग्रीन कार्ड उचलून.

आता अडवणारं कोणी नव्हतं. बाबांनी मूठ भरली, हात उंच केला, आणि धड्याचं शेवटचं वाक्य कुणीतरी ऐकावं म्हणून वळून पाहिलं. आई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"अगं, इकडे बघ ना. हाच तो क्षण."

"बघते आहे."

"बघत कुठे आहेस?"

आई वळल्या. डोळे ओले होते, पण आवाज साधाच होता. "माझं मेलीचं चुकलं. तुम्ही म्हणालात चहा टाकणार. मला वाटलं, माझ्यासाठी करणार आहात."

"मी? चहा?" बाबांनी असं विचारलं, की जणू त्यांना जहाज चालवायला सांगितलं होतं. मग हळूहळू त्यांना अर्थ लागला. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना दिसला, आणि त्या क्षणी मला त्या माणसाची फार दया आली. हात तसाच वर होता. वाऱ्याने मुठीतला थोडा चहा त्यांच्या शर्टावर उडत होता.

"म्हणून आलं ठेवलं होतंस होय," ते म्हणाले.

त्यांनी मूठ पुडक्यात परत रिकामी केली. बोटाला चिकटलेला चिमूटभर चहा तेवढा कठड्यावरून पाण्यात झटकला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी तेवढाच. मग पुडक्याला दोरा गुंडाळला, नीट, दोनदा.

"एवढाच?" इशिता म्हणाली. "दॅट्स इट?"

"एवढाच," बाबा म्हणाले. "बाकीचा लागणार आहे."

मोटेलवर परत आलो तेव्हा ऊन होतं. निमिषने पेट्रोल पंपावरून दूध आणलं. मी डिकीतून इलेक्ट्रिक शेगडी काढली. मोटेलमध्ये ती लावायची परवानगी नसते, पण प्रत्येक देसी गाडीत असते. वरचा धूर ओळखणारा डबा निमिषने टॉवेलने झाकला, कारण आता आणखी एक गुन्हा झाला तरी चालेल अशा मनःस्थितीत तो होता. बाबांनी आम्हाला सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. आईंना पलंगावर, पाठीशी दोन उशा देऊन. बाह्या वर केल्या. पातेलं शेगडीवर ठेवलं. एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात पुडकं घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले.

मग माझ्याजवळ येऊन, वाकून, अगदी हळू विचारलं, "शिवांगी, आधी पाणी की आधी पावडर?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलंगावरून आईंचा आवाज आला.

"तिला काय विचारता? मला विचारा."