थोरल्याकडे पाठव

कानात मुंगी गेली.

रिपोर्ट किती वाजता मिळतील?

माझे मिस्टर घोरतात, म्हणजे लग्न ठरलं तेव्हापासूनच सांगते…

डावा हात जड वाटतोय.

दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या ‘विचारा’ खिडकीत दिवसभर असं येऊन पडायचं. उत्तरं द्यायला मागे दोन एआय मॉडेलं होती. दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ती; तिने त्यांना धाकटा आणि थोरला म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. धाकटा हजरजबाबी आणि स्वस्त. थोरला विचारी, पण खर्चिक. कुणाचा प्रश्न कुणाकडे, हे ठरवणारा दारवान, म्हणजे छोटा प्रोग्राम, मात्र तिने स्वतः लिहिला होता. आखूड प्रश्न धाकट्याकडे, लांबलचक थोरल्याकडे. साहेब खूश होते.

सकाळी चहा पिता पिता ती धाकट्याची उत्तरं चाळत होती. हात जड वाटणाऱ्याला त्याने लिहिलं होतं: उशी बदलून पाहा.

घोरणाऱ्या नवऱ्याचं पानभर गाऱ्हाणं थोरल्याने मन लावून वाचलं होतं.

कप तसाच ठेवून ती सिस्टरांकडे धावली. “या नंबरवर फोन लावा ना. आत्ताच.”

सिस्टरांनी लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

“घाबरलेला माणूस काय निबंध लिहिणार आहे, साहेब?” ती केबिनच्या दारातूनच म्हणाली. “आपण लांबी मोजत बसलो.”

“अगं, पण सगळं थोरल्याच्या गळ्यात घातलंस तर खर्चापायी खिडकीच बंद करावी लागेल. मग त्या माणसाला धाकटाही नाही.”

हेही खोटं नव्हतं.

“सगळं नको. वेळ, पत्ता, रिपोर्ट धाकट्याकडे. शरीराचं काहीही असलं की थोरल्याकडे.”

“मुंगीसुद्धा?”

“कान शरीरातच येतो, साहेब.”

साहेबांनी कपाळावर हात मारला, हसले, आणि हाताने ‘जा, कर’ अशी खूण केली.

तिने नियम बदलला. जुन्या नियमाने धाकट्याकडे गेलेले शरीराचे सगळे प्रश्न पुन्हा थोरल्यापुढे ठेवले. हाताच्या प्रश्नावर तो म्हणाला, ताबडतोब तपासून घ्या, एकटे येऊ नका. तेवढं तिने त्या नंबरवर पाठवलं. शेजारी सिस्टर पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. पलीकडे कुणीतरी उचलला तेव्हा दोघी एकदमच “हॅलो” म्हणाल्या.

तो माणूस डावखुरा रंगारी होता; आदल्या दिवशी त्याने एका शाळेचं अख्खं छत एकट्याने रंगवलं होतं.