आपोआप उघडणारं पान

अफरीनला ग्रंथालयशास्त्राच्या एम.लिब.चं इतकं वेड लागलं होतं की घरच्यांना तिची काळजी वाटू लागली होती. जगातला कुठलाही विषय घ्या, मधमाश्या असोत की मूळव्याध, त्याला एक आकडा असतो आणि त्या आकड्याच्या आजूबाजूला त्याची भावंडं बसलेली असतात, हे वर्गात कळलं त्या दिवशी ती विद्यापीठापासून चिखलीतल्या घरापर्यंत बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्यांना आकडे लावत आली होती. वेल्डिंग, केटरिंग, दंतवैद्य, पत्रिका जुळवून मिळतील. एवढं अफाट जग, आणि कुणीतरी त्यात प्रत्येक गोष्टीसाठी जागा राखून ठेवली होती! पुस्तकं द्यायला-घ्यायला डिग्री कशाला लागते, असं नातेवाईक विचारत तेव्हा तिला त्यांची कीव येई. तिच्या अब्बांचं, शफीभाईंचं, दुचाकींचं गॅरेज होतं. एका रविवारी तिनं त्यांच्या सगळ्या पान्यांना नंबर टाकून ते नीट लावून ठेवले आणि पुढचे दोन दिवस अब्बांना एकही पाना सापडला नाही.

"बेटा, ये सब किताबों पे ही कर," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षाला महिनाभर प्रत्यक्ष काम करायचं असतं. त्यासाठी ती दापोडीतल्या एका जुन्या कामगार वाचनालयात आली. तिथं कुसुमताई चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या, आणि कार्यवाह होते सुरेंद्र सर, एका कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. वाचनालयाचा अर्धा हॉल आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेसाठी द्यायचा होता. म्हणजे तीनेकशे पुस्तकं रद्दीत काढणं आलं. ग्रंथालयाच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात आणि ते काम अफरीनकडे आलं.

नियम तिला तोंडपाठ होता. दहा वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलेलं नाही, ते काढावं. तिनं संगणकावरच्या देवघेवीच्या नोंदी चाळल्या आणि दोन दिवसांत तीनशे बारा पुस्तकांची यादी हजर केली. सुरेंद्र सर हरखून गेले. कुसुमताईंनी यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "छान केलीस गं. आता एकदा प्रत्येक पुस्तक हातात घेऊन बघ."

अफरीन हो म्हणाली आणि तिनं ते केलं नाही. आकडे समोर असताना हातात काय घ्यायचं? सोमवारी कमिटीनं यादीवर सही केली. मंगळवारी सकाळी गठ्ठे सुतळीनं बांधून व्हरांड्यात रचले गेले. रद्दीवाले ज्योतीराम पाच वाजता टेम्पो घेऊन येणार होते.

दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई आली. तिशीची असेल. अंगावर कुठल्यातरी कंपनीच्या साफसफाई खात्याचा निळा कोट, हातात डब्याची पिशवी. कुणाशी न बोलता ती थेट आरोग्याच्या कपाटापाशी गेली. त्या कपाटातली पाच पुस्तकं यादीत होती, त्यामुळे मधे फट पडली होती. बाईनं त्या फटीत हात घातला आणि हात तसाच राहिला. मग तिनं वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, पुन्हा फटीकडे पाहिलं.

"ताई, काही हवंय का?" अफरीननं विचारलं.

"न्हाई. आसंच," बाई म्हणाली. पिशवी छातीशी धरून ती निघून गेली.

अफरीन टेबलापाशी गेली. तिनं कुसुमताईंना विचारलं, कोण ही?

"नाव नाही माहीत. चार वर्षं येतेय, सुट्टी असली की मंगळवारी. उभ्यानं वाचते आणि जाते."

"काय वाचते?"

"मी कधी बघितलं नाही," कुसुमताई म्हणाल्या. "बघायचं नसतं, बाळा. काही पुस्तकं माणसांना घरी नेता येत नाहीत. सासू असते, एका खोलीत सहा माणसं असतात. नोंद करायची म्हणजे नाव सांगायचं, आणि ते पुस्तक मला मागायचं म्हणजे आपलं दुखणं मला सांगायचं. म्हणून ती उभ्यानं वाचतात. तुझ्या संगणकात ही माणसं नाहीत."

 अफरीननं व्हरांड्यात जाऊन गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडायला घेतल्या. आरोग्याची पाचही पुस्तकं मिळाली, पण त्यातलं बाईचं कोणतं? पाचांच्याही मागच्या देवघेवीच्या कागदावर दहा वर्षांत एक शिक्का नव्हता.

कुसुमताई येऊन शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी एक पुस्तक मिटलेलं घेतलं, कणा तळहातावर टेकवला आणि बोटं सोडली. पानं दोन्हीकडे विस्कटून पडली, कुठंच थांबली नाहीत. दुसरंही तसंच. तिसरं मात्र सोडल्याबरोबर एका जागी उघडलं आणि तिथंच स्थिर राहिलं. त्यांनी मिटून पुन्हा सोडलं, तर पुन्हा तेच पान. कागद तिथं मऊ पडला होता आणि खालचा कोपरा बोटांनी झिजून गोल झाला होता. मूल न राहण्याची कारणं, असं त्या पानावरचं शीर्षक होतं.

"जिथं वाचलं जातं तिथं पुस्तक आपोआप उघडतं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी पान वाचलं नाही, पुस्तक मिटून अफरीनकडे दिलं.

मग दोघींनी एकेक पुस्तक तळहातावर घ्यायला सुरुवात केली, आणि अफरीन थक्क होत गेली. कर्जाच्या अर्जाचे नमुने असलेलं पुस्तक एका जागी उघडत होतं. दारू सोडण्याबद्दलचं एक पुस्तक दोन ठिकाणी उघडत होतं, जणू दोन माणसं वेगवेगळ्या वेळी तिथं उभी राहिली होती. मुलाचा ताप, घटस्फोटाचा कायदा, इंग्रजीत पत्र कसं लिहावं. किती माणसं, कितीदा, या कपाटांच्या मधे पाय दुखेपर्यंत उभी राहिली असतील, आणि कुठंही त्यांचं नाव नाही. दोन वर्षं ती ज्या शास्त्रावर जीव टाकत होती ते तिला आत्ता कुठं दिसायला लागलं होतं, आणि ते तिच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठं होतं.

साडेचारला सुरेंद्र सर आले आणि सोडलेले गठ्ठे बघून चिडले. "अगं, यादी तुझी, सही कमिटीची. आता हे काय? नोंद कुठाय कुणी वाचल्याची?"

"यादी चुकली सर. माझीच चूक आहे. रिपोर्टमध्ये तसं लिहा," अफरीन म्हणाली. मागे लपवलेलं आरोग्याचं पुस्तक तिनं त्यांना दाखवलं नाही. लेथच्या कामावरचं एक जाडजूड पुस्तक तिनं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बोटं सोडा."

पुस्तक आटे पाडण्याच्या तक्त्यावर उघडलं. पानाची कड तेलानं काळी झाली होती, अब्बांच्या हातरुमालासारखी.  सरांनी अंगठा त्या काळ्या कडेवर फिरवला. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ज्योतीरामला फोन करून सांगा, आज येऊ नकोस. उघडतात तेवढी राहू द्या. अभ्यासिकेची दोन टेबलं कमी टाकू."

एकशे एक्केचाळीस पुस्तकं परत कपाटात गेली. आरोग्याचं पुस्तक अफरीननं स्वतः त्याच्या जागी ठेवलं. पण ती बाई परत येईल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार अफरीन दाराकडे बघत राहिली. एकदा विचारून आपण तिला कायमचं घालवलं, हे काही मनातून जात नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तीनला निळा कोट दारात दिसला. अफरीननं खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि बाहेरच्या रस्त्यावर नजर खिळवली. पाठीमागून पावलं गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मग पुस्तक ओढल्याचा आवाज आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. वळून बघायचं नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

पावलं बाहेर जायच्या ऐवजी टेबलापाशी आली.

"म्याडम," बाई म्हणाली. पुस्तक तिनं पालथं धरलं होतं. "मागच्या येळी हे दिसलं न्हाई. लई भ्या वाटलं. घरी न्यायचं आसंल तर नाव लिहावं लागतं का?"

"लागतं," अफरीन म्हणाली. "पण ती नोंद मी कुणाला दाखवत नाही."

बाईनं एकदा दाराकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर कुसुमताईंनी हातातलं काम थांबवलं.

"लिहा मग," बाई म्हणाली. "इंद्रायणी."