आखूड होत गेलेला बाक

मी एक जुना, बुटका बाक आहे. बसायचा नव्हे हं, पाय टेकायचा. दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून सुतारानं मला घडवलं, तेव्हा मी चांगला उंच होतो आणि मला त्याचा तोराही होता. आज पाहाल तर जेमतेम चार बोटं उरलोय. तरी माझी तक्रार नाही. का नाही, तेच सांगतो, मित्रांनो.

मला करवून घेतलं ते थेरपीवाल्या ताईंनी. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जेवणं, कपडे घालणं, झोपणं, खेळणं ही रोजचीच कामं काही मुलांना जड जातात. ती त्यांना जमावीत म्हणून ताई मदत करतात. "गाठ नसलेलं लाकूड घ्या आणि पाय लांब ठेवा. पुढे कापायचेत," त्यांनी सुताराला बजावलं.

"कापायचेतच, तर लांब कशाला?" सुतार हसला. मला मात्र धडकी भरली.

ताईंनी मला एका काका-काकूंच्या घरी नेलं. तिथे दुधाचे दात पडायला लागलेली एक मुलगी होती. तिच्या आईला तिला सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून ती दुसऱ्यांच्या घरी वाढत होती. हे तिचं तिसरं घर. उशीखाली, खिशात, बुटातसुद्धा खाऊ साठवायची, म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं मुंगी. ही मुंगी जेवायला बसली की सारखी चुळबुळ करायची, खुर्चीवरून घसरायची, ताटली पाडायची आणि शेवटी टेबलाखाली जाऊन बसायची. 'हिला वळण नाही' म्हणत आधीच्या दोन्ही घरांनी तिला परत पाठवलं होतं.

"रोज नवीन काहीतरी करते हो मी," काकू रडवेल्या होऊन ताईंना म्हणाल्या. "माझ्या हाताला चवच नाही का? तिला दुसरीकडे बरं वाटेल का?"

ताईंनी ताटलीकडे पाहिलंच नाही. त्या खाली वाकल्या. "चवीचं सोडा. हिचे पाय बघा, अधांतरी लोंबताहेत. अंग सावरण्यातच हिची सगळी ताकद जाते. त्यात इतकी घरं बदलून आलेली पोर. हिला आधी पायाखाली काहीतरी घट्ट हवंय."

ते घट्ट काहीतरी म्हणजे मी. सुरुवातीला मुंगीनं मला मनसोक्त लाथा मारल्या. त्या मी निमूट खाल्ल्या. मला दुसरं काय जमणार? पण हळूहळू तिची बोटं माझ्यावर विसावली. टाचाही टेकल्या. एका संध्याकाळी तिनं ताटली रिकामी केली आणि आणखी मागितलं. काकू पाठमोऱ्या होऊन स्वच्छ भांडीच पुन्हा घासत बसल्या. त्या रडत होत्या, आणि मला फार बरं वाटत होतं.

मुंगी वाढली, तिचे गुडघे वर यायला लागले. ताई आल्या, मला काखोटीला मारलं आणि म्हणाल्या, "सुताराकडून पाय कापून आणते." काका-काकूंनी माना डोलावल्या. मुंगीला कुणी विचारलंच नाही.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती बूट घालून, दप्तर पोटाशी धरून टेबलाखाली शिरली. काका चक्क फरशीवर पालथे झोपले. "काय झालं गं, मुंगे?"

ती दप्तराआडून बोलली. "आधी सामान जातं. मग मी."

दारापाशी गेलेल्या ताई तिथेच थबकल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि मी होतो तिथेच मला ठेवलं. "बाक कुठेही जाणार नाही. करवतच इथे येईल."

दुसऱ्या दिवशी सुतार घरी आला. किती कापायचं ती रेघ मुंगीनं स्वतः ओढली. काकांनी मला धरलं, सुतारानं आणि तिनं मिळून करवत चालवली. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिचे पाय पुन्हा नीट टेकले आणि हायसं वाटलं. तिनं माझे तुकडे खिडकीत मांडून ठेवले. पुढेही ती वाढत गेली, मी आखूड होत गेलो आणि खिडकीतली रांग लांबली.

मग एक दिवस तिचे पाय थेट जमिनीला लागले. "बाकाचं काम झालं," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या एका मुलाला लागणारच आहे. नेऊ का?" या वेळी त्यांनी मुंगीलाच विचारलं. माझा जीव टांगणीला लागला.

"त्याला नवा करू. लांब पायांचा. मी मदत करीन," मुंगी म्हणाली. "हा नाही मिळणार. आमच्या घरातून कुणाला परत पाठवत नाहीत."

आमच्या! हा शब्द तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा आला. काका खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

आता मी खिडकीखाली असतो, तिचे बूट सांभाळतो. बुटात खाऊ नसतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं मूल ताटावर चुळबुळ करत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी जरा खाली वाकून पाहा. त्याचे पाय कुठे टेकलेत का?