बाबांनी आवळलेल्या स्प्रिंगा

तापिसाला तळ्यावर जायचं होतं. वसंतात बर्फाला भोक पाडून मासे धरायला ती कळायला लागल्यापासून जात आलेली. यंदा मात्र तिची मुलगी लीतिया आडवी आली. मागच्या खेपेला गोठलेल्या समुद्राच्या खडबडीत बर्फावर त्यांची स्नोमोबाइल गाडी अशी आपटली होती, की तापिसाची कंबर धरली ती धरलीच. कितीतरी दिवस तिला बूटही दुसऱ्याने चढवावे लागले.

"त्या गाडीवर तू आता बसायचं नाहीस," लीतियाने सांगून टाकलं. "मासे आम्ही आणू. तू घरात बसून खा."

"दुसऱ्याने धरलेला मासा मी दात पडल्यावर खाईन," तापिसा म्हणाली. तिचे खालचे मोजके दातच उरले होते, पण ते बोलून दाखवायची छाती घरात कुणाची नव्हती.

मधे पडला तो कुब्लू, लीतियाचा मुलगा. पंचविशी गाठलेला, हाताने कामसू, बोलायला कमी. तापिसाचे वडील गेले त्याच थंडीत तो जन्मला, म्हणून त्यांचं नाव त्याला दिलं, आणि नावाबरोबर नातंही आलं. तापिसा त्याला बाबा म्हणे, तो तिला पोरी. गावात घरोघरी हेच, त्यात हसण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की सगळ्या गावाला जिभेने सोलून काढणारी ही बाई बाबांना उलट बोलू शकत नसे.

"पोरी, तुझी कंबर ठीक आहे," कुब्लू म्हणाला. "गाडीचे मागचे शॉकअप गेलेत. तेल गळून गेलंय. ते बदलले की बसशील."

"बाबा म्हणतात तर बसेनच," तापिसाने लीतियाकडे बघत म्हटलं.

नवी जोडी दक्षिणेतून विमानाने मागवायची म्हणजे त्या पैशात घरात दोन महिने चहा-पीठ आलं असतं. कुब्लूकडे दगडात कोरलेलं एक अस्वल विकून आलेले पैसे होते, तेवढेच. शेजारच्या अयोलाने आपली गाडी खडकावर घालून मोडली होती, पण तिचे मागचे शॉकअप शाबूत होते. कुब्लूने ते घेतले, उघडले, आतले झिजलेले रबर बदलले, ताजं तेल भरलं. गाडीच्या पुढच्या शॉकअपना हात लावायला पैसे उरले नाहीत. मग त्याने अयोलाचे शॉकअप आपल्या गाडीला मागे बसवून त्यांच्यावरच्या स्प्रिंगांच्या चकत्या पान्याने पार शेवटपर्यंत आवळल्या. गावात सगळे तशाच आवळतात. गाडीमागे मांसाने लादलेली लाकडी घसरगाडी असतेच. स्प्रिंग सैल ठेवली तर गाडी मागून बसते.

दुपारी तो आणि तापिसा घसरगाडी न जोडता रिकामीच गाडी घेऊन किनाऱ्याजवळच्या उंचवट्यांवरून फिरून आले. परतल्यावर तापिसा हँडलला धरून, दात आवळून उतरली.

लीतिया दारातच होती. "झालं समाधान?"

अयोला कुंपणापाशी चहा पीत उभा होता. "माझे शॉकअप चांगलेच आहेत हं. म्हातारीच जुनी झालीय, तिला कोण काय करणार?"

"तुझी गाडी खडकावर गेली तेव्हा म्हातारी चालवत होती का रे?" तापिसा म्हणाली. "चहा पी. थंड होतोय."

कुब्लू मान खाली घालून गाडीजवळ बसला. "पैसे गेले, पोरी. आई म्हणते ते बरोबर. नको जाऊस तू."

लीतियाचं तापिसा ऐकणार नव्हती, पण बाबांनी नको म्हटलं तर विषयच संपला. तिने शॉकअपकडे पाहिलं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायचेच बाकी होते. दुसरा कुणी असता तर तिने गाढव म्हणून मोकळं केलं असतं. इथे तिने आवाज लहान केला, लेकीचा केला.

"बाबा, तुमच्या घसरगाडीला तुम्ही कधी खिळा मारला नाहीत. आडव्या फळ्या दोरीनेच बांधायचात. अयोलाच्या आजोबांनी खिळे ठोकले, तर त्यांची पहिल्याच उंचवट्यावर उकलली. तुम्ही म्हणालात, लाकडाला हलायला जागा हवी."

"मी म्हणालो?"

"तुम्ही. आणि आता या गाडीला खिळे ठोकून बसलात."

अयोला हसला, मग आजोबांचं आठवून त्याने तोंड कपात घातलं.

कुब्लूने स्प्रिंगच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. "मागे ओझंच नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि तू तर पिसासारखी." त्याने पाना घेतला आणि दोन्ही चकत्या जवळजवळ वरपर्यंत सोडल्या. मागची सीट हाताने दाबली, तशी ती खाली गेली आणि सावकाश वर आली.

"आणखी एक फेरी," लीतिया म्हणाली. "पण ती उतरताना मी बघणार. हात टेकला तर जाणं बंद."

"बघ की. डोळे पुसून बघ," तापिसा म्हणाली.

या वेळी कुब्लूने मुद्दाम वाईट वाट धरली. पुढून धक्के येत होते, ते त्याच्या हातांना बसत होते. मागे गाडी खाली जायची, पुन्हा वर यायची, आणि कंबर जागच्या जागी राहायची. दारासमोर गाडी थांबली. तापिसाने एक पाय टाकला, मग दुसरा. दोन्ही हात तिने अंगरख्याच्या खिशात ठेवले होते, मुद्दाम.

लीतियाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "जाड मोजे घे," ती म्हणाली आणि आत गेली.

कुब्लू पाना पुसत होता. "जाताना सामानाची घसरगाडी बरोबर येणाऱ्या मामाच्या गाडीला बांधू. येताना मात्र त्याच्या गाडीला त्याचं ओझं असेल, ही माशांनी भरून आपल्यामागे येईल, तेव्हा पुन्हा आवळावं लागेल. मग तुला त्रास."

"तेव्हा मी घसरगाडीवर बसेन, माशांवर," तापिसा म्हणाली. "बाबा, तुम्ही आधी मासे मिळतायत का ते बघा."